‘आपण’चा आलेख

"साहेब, आपण चाललो," मंगेश चाळके म्हणाला.

भोईटे साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आपण? कुठं चाललो?"

"आपण म्हणजे आपण हो! मी! नोकरी सोडली आपण. ठाण्याला बरी जागा मिळालीय."

मी तिथंच होते, एका चाचणीच्या अहवालावर साहेबांची सही घ्यायला. मला असं काही हसू फुटलं की खोकल्याचं सोंग करून मी केबिनबाहेर पळाले. चारच दिवसांपूर्वी याच चाळकेला आम्ही शाल आणि नारळ देऊन ‘सर्वांत निष्ठावान कर्मचारी’ म्हणून मिरवलं होतं. कॅन्टीनमध्ये पेढे वाटले होते. आणि ते कुणाच्या सांगण्यावरून? कौलच्या.

तर आधी कौल काय ते सांगते, म्हणजे पुढचा माझा घोळ कळेल.

मी तेजस्विनी खराडे, वय बेचाळीस. साताऱ्याच्या एमआयडीसीत सप्ततारा पंप नावाचा कारखाना आहे, तिथं मी सतरा वर्षं सील विभागात काढली, त्यातली शेवटची आठ प्रमुख म्हणून. पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो तिथं पाणी गळू नये म्हणून दोन चकत्या बसवतात, ते सील. एक चकती फिरते, एक जागेवर राहते, आणि दोन्ही इतक्या सपाट घासायच्या की मधून थेंब सुटता कामा नये. हे घासणं मला भोईटे साहेबांनी स्वतः शिकवलं, शेजारी उभं राहून, माझ्यावर खेकसत. कारखान्याचे मालक असून हात काळे करायची त्यांना भारी हौस. खेकसायची सवय मलाही होती, त्यामुळे आमचं जमलं.

कौल आला तो २०४३ साली. नखाएवढ्या रुंदीची पारदर्शक पट्टी. हनुवटीखाली चिकटवायची आणि तिचं टोक गालावरून नाकाच्या कडेपर्यंत न्यायचं. माणूस मनात बोलतो तेव्हा आवाज निघत नाही, पण जीभ, ओठ, टाळू यांना मेंदूकडून बारीक इशारे जातच असतात. मनातल्या मनात वाचताना जीभ हलल्यासारखी वाटते ना, तेच ते. पट्टी हे इशारे टिपते. विचार वाचता येत नाहीत तिला, घाबरू नका. दिवसातून शेकडो वेळा येणारे चार-पाच शब्द तेवढे ती ओळखते. आपण, आम्ही, तुम्ही, ते.

एवढ्याशा शब्दांत काय ठेवलंय, असं मलाही वाटलं होतं. पण परदेशात हे यंत्र फसलं ते नेमकं इथंच. इंग्रजीला बिचारीला एकच ‘वुई’. त्यात समोरचा धरलाय की वगळलाय, ते बोलणाऱ्यालाच ठाऊक. आपल्याकडे तसं नाही. ‘आपण जेवू’ म्हटलं की तुझंही ताट आहे, आणि ‘आम्ही जेवतो’ म्हटलं की तू आपला घरी जा. पुण्यात कौल बनवणाऱ्यांनी हजारो नोकरदारांना पट्ट्या लावून पाहिलं, तेव्हा असं निघालं की राजीनामा द्यायच्या कितीतरी महिने आधी माणसाच्या मनातला ‘आपला कारखाना’ आधी ‘आमचा’ होतो, मग ‘तुमचा’ होतो, आणि शेवटी ‘ही माणसं’. त्याचं त्याला कळलेलंही नसतं. हे दोन शब्द वेगळे ओळखायला त्यांना दोन वर्षं लागली म्हणे, कारण ‘आप’ आणि ‘आम्’ दोन्हीत ओठ तसेच मिटतात. फरक फक्त टाळूचा, ‘म’ला श्वास नाकावाटे सोडावा लागतो. म्हणून ते टोक नाकापर्यंत.

पण लालबागचा चाळके स्वतःलाच ‘आपण’ म्हणतो, हे पुण्यातल्यांच्या ध्यानात कसं येणार! आलेखावरची त्याची ‘आपण’ची हिरवी रेघ गेली आभाळाला. त्याच्याही वर होत्या आमच्या कार्मिक विभागाच्या आठल्येबाई, कौल कारखान्यात आणणाऱ्या. त्या दिवसभर पत्रांचे मसुदे करतात. ‘आपण आपला अर्ज सादर करावा, आपणांस कळविण्यात येईल.’

चाळके गेल्यावर बाईंनी पुण्याला फोन करून त्यांची बिनपाण्यानं केली. आठवड्यात दुरुस्ती आली. नव्या कौलला ‘आपण’चे तीन अर्थ कळत होते. पहिला शाळेत शिकवतात तो, मी आणि तू मिळून. दुसरा चाळकेचा, म्हणजे मी एकटाच. तिसरा आठल्येबाईंचा, म्हणजे तुम्ही, आदरानं. आलेखात आता फक्त पहिला धरणार होते.

आणि मग साहेबांनी जाहीर केलं, "दिवाळीनंतर मी खुर्ची सोडतोय. माझ्या जागी खराडे नाही तर नलवडे. दोघांनी सहा आठवडे पट्टी लावायची. ज्याच्या मनात हा कारखाना ‘आपला’ आहे, त्याच्या हातात तो जाईल."

मी जागच्या जागी उडालेच. कारखाना प्रमुख! नलवडेंची मला भीती नव्हती. ते जुळणी विभागाचे प्रमुख, कामाला वाघ, पण बोलणं म्हणजे फक्त ‘हं’. पंप चालला तरी ‘हं’, जळला तरी ‘हं’. मी हसत हसत सही केली आणि पट्टी लावली.

सहाव्या आठवड्यात, सोमवारी, फोन आला.

"मी नूरजहाँ परकार, गुहागरहून. समुद्रवीज प्रकल्पाची संचालक. खराडे मॅडम, दोन मिनिटं आहेत?"

दोन मिनिटांची चाळीस झाली. मी कॅन्टीनच्या मागच्या पायरीवर बसून ऐकत होते, डबा तसाच मांडीवर. समुद्राच्या तळाशी, चाळीस मीटर खोल, प्रवाहावर फिरणारी बारा प्रचंड चक्रं. त्यातून अख्ख्या तालुक्याची वीज. सगळं जमलं होतं, फक्त सील टिकत नव्हतं. खारं पाणी, त्यात रेती. आठ महिन्यांत चकत्यांचा चुरा, आणि प्रत्येक वेळी चक्र वर काढायला जहाज आणायचं.

"आम्हाला पाच वर्षं टिकणारं सील हवंय," परकार मॅडम म्हणाल्या. "जगात कुणाकडे तयार नाही. म्हणून विचारतेय, येऊन बनवाल का? विभाग तुमचा, माणसं तुम्ही निवडायची. शुक्रवारपर्यंत सांगा."

"बघते," मी म्हणाले. आवाज मात्र साधा ठेवला. सतरा वर्षं मी आतलं पाणी बाहेर येऊ दिलं नव्हतं. आता बाहेरचा समुद्र आत येऊ द्यायचा नाही! कसलं जबरदस्त काम!

मग हनुवटीला खाज आली आणि मी पट्टीला हात लावला. अगं बाई! पट्टी लावलेली होती!

ती विषय टिपत नाही, हे माहीत होतं मला. पण मन एकदा गुहागरला गेलं की आलेख घसरणारच, आणि गुरुवारी तो साहेबांच्या टेबलावर. मी तोंडानं सांगायच्या आधी माझा गळा सांगणार. आणि सांगणार तरी काय? माझं मलाच ठरवता येत नव्हतं. इकडे खुर्ची, ज्या माणसानं मला घडवलं त्याची. तिकडे समुद्र. एका क्षणी वाटायचं जावं, दुसऱ्या क्षणी साहेबांचा चेहरा समोर यायचा.

म्हणून मी काय करावं? शाळकरी पोरासारखं घोकायला लागले. मनातल्या मनात. आपला कारखाना, आपले पंप, आपलं लेथ, आपला चहा, आपला फुटका कप. लेथपाशी उभी राहून मी अशी पुटपुटत होते की नलवडे थांबले आणि चक्क एक अख्खं वाक्य बोलले, "मॅडम, बरं वाटत नाही का?"

"आपल्याला काय झालंय!" मी ओरडले. ते ‘हं’ म्हणून गेले.

घरी जाताना पट्टी काढून डबीत ठेवायची असा नियम. पण त्या दिवशी डोक्यातली पट्टी निघेना. संध्याकाळी विनय पोहे करत होता. विनय माझा नवरा, शाळेत भूगोल शिकवतो. लेक जुई दहावीला, ती शिकवणीला गेली होती. मी सगळं सांगून टाकलं, एका दमात, ओट्यापाशी उभी राहून, चक्रं किती मोठी ते हातवारे करून दाखवत. कोथिंबिरीची वाटी सांडली.

विनयनं गॅस बारीक केला. "तेजू, आधी एक सांग. मग काय भांडायचं ते भांडू. तू जाणार आहेस, की आपण जाणार आहोत?"

इतका वेळ मी सगळं ‘मी’नं बोलले होते. मी राहीन, मी बनवीन, मी शनिवारी येईन. त्या माणसाला, लेकीला मी हिशेबातच धरलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की रडू आलं.

"रडतेस काय? मी नाही कुठे म्हणालो? गुहागरलाही शाळा आहे आणि शाळेत भूगोल आहे. दहावीपर्यंत आम्ही दोघं इथे, मग आपण तिघं तिथे. फक्त तू ठरव, आणि ठरवलंस की सरळ सांग. आम्हालाही आणि तुझ्या त्या भोईटे साहेबांनाही. यंत्राकडून निरोप पाठवू नकोस."

"आणि मला जायचंच नसेल तर?"

"गेला अर्धा तास तू हात कसे हलवत होतीस, ते मी बघितलंय," तो म्हणाला आणि पोह्यांवर लिंबू पिळलं.

तरी मंगळवार आणि बुधवार मी घोकतच राहिले. भित्रेपणा, दुसरं काय!

गुरुवारी दहाला साहेबांनी बोलावलं. आठल्येबाई माझा आणि नलवडेंचा असे दोन लिफाफे ठेवून गेल्या. साहेबांनी माझ्या लिफाफ्यातला वरचा कागद काढला, चष्मा नीट केला आणि टेबलावर थाप मारली.

"खराडे, एकोणऐंशी! शंभरात एकोणऐंशी वेळा ‘आपण’! शेवटच्या आठवड्यात तर रेघ पार वर गेलीय. बाई म्हणत होत्या, साठाच्या वर कुणी जात नाही. खुर्ची तुझी, पोरी!"

माझा विश्वासच बसेना. गुहागरच्या फोननंतर रेघ वर गेली? क्षणभर वाटलं, बरोबर आहे की. यंत्रच सांगतंय, मी इथलीच. गप्प बसायचं आणि खुर्ची घ्यायची. साहेब किती खूश होते! ड्रॉवरमधून पेढ्यांचा पुडा काढत होते.

पण सवय वाईट. चाचणीचा नुसता निकाल मला कधी पुरला नाही, मागचे आकडे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. मी दुसरा कागद ओढला. त्यावर तासातासाची नोंद होती. सगळ्यात वर लाल अक्षरांत: ‘घोकंपट्टी: चारशे बारा वेळा. वगळली.’

"हे घोकंपट्टी काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. कान तापले माझे.

घोकंपट्टी काढूनही एकोणऐंशी. मग खरे ‘आपण’ कुठे होते? मंगळवारी अकरा ते बारा. बुधवारी जेवणाची सुट्टी, पुन्हा चार वाजता. मी त्या तासांना काय करत होते ते आठवलं आणि पुडा उघडणारे साहेबांचे हात बघवेनात. मंगळवारी अकराला मी पंपाकडे बघत उभी होते आणि मनात समुद्राचं सील जुळवत होते. ‘आपण इथं एक नाही, दोन सील लावू. मधल्या जागेत आपण स्वच्छ पाणी भरू, बाहेरच्यापेक्षा जरा जास्त दाबानं. म्हणजे गळलंच तर आतून बाहेर गळेल, रेती आत शिरणार नाही. बघा साहेब, आपण असं केलं तर?’

साहेब! मी मनात सतरा वर्षं यांच्याशीच बोलत होते. नवी अडचण आली की मी दोघांची मिळून सोडवायची. यंत्रानं ‘आपण’ बरोबर मोजला होता. फक्त त्या ‘आपण’मध्ये कारखाना नव्हताच. साहेब होते आणि गुहागर होतं.

"साहेब, पेढा थांबवा," मी म्हणाले. "हे एकोणऐंशी खरे आहेत, पण ते या खुर्चीचे नाहीत."

आणि सगळं सांगितलं. परकार मॅडम, बारा चक्रं, आठ महिन्यांत होणारा चुरा, पायरीवरचा फोन, घोकंपट्टीसुद्धा. शेवटी म्हणाले, "मला जायचंय, साहेब. फार जायचंय. तुम्हाला सोडून जायचं म्हटलं की जीव तुटतो, पण तरी जायचंय."

साहेबांनी पेढे परत आत ठेवले. पुडा बंद केला. मला वाटलं, संपलं सगळं. मग त्यांनी पेन उचललं आणि माझ्याच आलेखाचा कागद उलटा केला.

"किती खोल म्हणालीस?"

"चाळीस मीटर."

"मधल्या जागेत काय भरणार? तेल?"

"तेल नको, गळलं तर मासे मरतील. पाणी."

"खोबरेल भर की, कोकणात काय कमी आहे! मासे मरायचे न्हाईत."

"थंडीत थिजेल, साहेब!"

"व्हय गं, थिजंल." ते खुर्ची सोडून माझ्या बाजूला येऊन बसले. "मग पाणीच. पण दाब कोण देणार? तळाशी विजेची तार नेणार हायेस का?"

"चक्र फिरतंच आहे ना! त्याच्याच दांड्यावर छोटा पंप बसवू."

"पंप!" साहेब इतक्या जोरात ओरडले की बाहेरून आठल्येबाईंनी डोकावलं. "आगं, मग हे पंपवाल्यांचंच काम झालं की! समुद्रवाल्यांना हे जमत न्हाई म्हणून रडत बसलेत व्हय!"

कागदावर जागा उरली नाही. आम्ही माझा लिफाफा फाडून त्यावर काढलं. दीड तास भांडलो. चकत्या कशाच्या करायच्या, यावर ते मला दोनदा मूर्ख म्हणाले, मी त्यांना एकदा हट्टी म्हणाले. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. सील सुटलं नव्हतं अजून, पण पाच वर्षांचा रस्ता समोर दिसत होता, अगदी लख्ख.

मग साहेबांनी हळूच ड्रॉवर उघडला आणि अजून एक आलेख माझ्यापुढे ठेवला. त्यावर नाव होतं, भोईटे.

"मी बी लावली होती पट्टी. कुणाला सांगितलं न्हाई."

रेघ तळाशी आडवी पडली होती. शंभरात तीन.

"तीन?" माझ्या तोंडून निघून गेलं. "साहेब, कारखाना तुमचा!"

"तेच तर. माझा हाय. आपला राहिला न्हाई. मी सह्या करतो, सत्कार करतो, बँकेच्या सायबाला चहा पाजतो. शेवटचं सील हातात धरलं त्याला नऊ वर्षं झाली. आणि ते तीन कधी आलेत, बघितलंस?"

मी तासांची नोंद पाहिली. रोज साडेदहा. मी चाचणीचे अहवाल घेऊन सहीला जायचे ती वेळ.

मी डोळे पुसले. त्यांनी नाक शिंकरलं आणि घंटी दाबून नलवडेंना बोलावलं. नलवडेंचा आलेख आम्ही दोघांनी मिळून उघडला. चौऱ्याऐंशी! आणि एकूण एक ‘आपण’ जुळणीच्या शेडमधला, पंप चालू असतानाचा. घोकंपट्टी शून्य. तोंडानं ‘हं’ म्हणणारा हा माणूस मनात दिवसभर सगळ्या कारखान्याशी बोलत होता.

"नलवडे, दिवाळीनंतर खुर्ची तुमची," साहेब म्हणाले. "चालवाल ना?"

नलवडे उभेच राहिले. डोळे भरले त्यांचे. मी कान देऊन बसले, आज तरी काहीतरी बोलतील.

"हं," ते म्हणाले.

शुक्रवारी सकाळी मी राजीनामा लिहिला. साध्या चार ओळी. तो घेऊन केबिनकडे गेले, तर दारात आठल्येबाई उभ्या, हातात दुसरा एक कागद, चेहरा पडलेला.

"हे काय आहे, साहेब?" त्या विचारत होत्या. "अर्ज? गुहागरच्या समुद्रवीज प्रकल्पाकडे? ‘चकत्या घासणारा कारागीर, अनुभव चाळीस वर्षं’? हा टाईप करून कुणाच्या नावानं पाठवायचा?"

"त्यावर सही हाय की खाली."

बाईंनी सही वाचली आणि दाराची चौकट धरली. मी धावत आत गेले.

"साहेब! तुम्ही माझ्या हाताखाली?"

"माणसं तू निवडायचीस म्हणालीस ना? मग निवड की! हात बघ, अजून थरथरत न्हाईत. फक्त एक सांगतो, खेकसायचं मी सोडणार न्हाई."

"मीही नाही," मी म्हणाले. पुढे बोलता येईना. तिथंच उभं राहून मी परकार मॅडमना फोन लावला आणि आम्ही दोघं येतोय म्हणून सांगितलं. दोघं कोण, हे त्यांना कळायला वेळ लागला. कळल्यावर त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की फोन कानापासून लांब धरावा लागला.

आठल्येबाई मात्र अजून हिशोब जुळवत होत्या. "पण नोंद काय करू, साहेब? कारण काय लिहू?"

साहेबांनी हनुवटीखालची पट्टी सोलून काढली आणि त्यांच्या हातात दिली.

"लिहा. आपण चाललो."

"‘आपण’ म्हणजे नक्की कुठला, साहेब?" बाई हवालदिल झाल्या होत्या. "आता तीन अर्थ आहेत. नंबर घालावा लागतो."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझा राजीनामा त्यांच्या अर्जावर ठेवला.

"पहिला, बाई," मी म्हणाले. "शाळेत शिकवतात तो."